किल्ल्यात सापडलेली गोळी खिशात का घालू नये

गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुकीची शिशाची गोळी हातात घेतली की आधी जाणवतं ते तिचं वजन. व्यास जेमतेम 17-18 मिलिमीटर, पण भरते 30 ग्रॅमच्या आसपास. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला ब्रिटिश लष्कर आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी जी बंदूक वापरत होत्या, तिच्या नळीचा व्यास सुमारे 19 मिलिमीटर होता. गोळी मुद्दाम बारीक ठेवत, कारण काळी दारू जळून नळीत काजळी साचते आणि चारदोन बार काढल्यावर घट्ट गोळी आत उतरत नाही. अशी गोळी दोनशे वर्षं मातीत राहिली की तिच्यावर पांढुरका, पिठासारखा थर चढतो. बरेच जण तो अंगठ्याने घासून काढतात. तो काढू नये. एक तर तो शिशाचा क्षार असल्यामुळे विषारी, आणि दुसरं म्हणजे आतलं शिसं त्याच थरामुळे टिकलेलं असतं.

नीट पाहिलं तर गोळी बरंच सांगते. मधोमध बारीक रेघ असेल तर ती साच्याच्या दोन फाळक्या जिथे जुळल्या तिथली. एका बाजूला छोटासा चपटा भाग दिसला तर ओतताना राहिलेला शेपटा तिथून कापलाय. या खुणा शाबूत असतील आणि गोळी पूर्ण गोल असेल, तर ती बहुधा उडालेलीच नाही. कुणाच्या तरी हातून पडली किंवा साठ्यातून सांडली. उडून दगडावर आदळलेली गोळी चपटी होते, कधी कडा फुटलेल्या बशीसारखी पसरते. काही गोळ्यांवर दातांच्या खुणा मिळतात. जखमी शिपायाने वेदना सोसायला गोळी चावली, अशी गोष्ट तिला लगेच चिकटते. प्रत्यक्षात त्या खुणा अनेकदा डुकरांच्या किंवा उंदराघुशींच्या असतात.

मात्र हे सगळं झालं एकट्या गोळीचं. खरी माहिती तिच्या जागेत असते, आणि ती जागा आपण गोळी उचलली त्या क्षणी मोडतो.

समजा, एका बुरुजाच्या आतल्या बाजूला, जंग्यांखाली, म्हणजे बंदूक रोखायला तटात ठेवलेल्या भोकांखाली, न उडालेल्या गोल गोळ्या आणि ओतताना सांडलेले शिशाचे थेंब एकत्र सापडले. इथे शिपाई बसून गोळ्या ओतत होते आणि इथूनच बंदुका चालवत होते, असं म्हणता येतं. त्याच बुरुजाच्या बाहेर, तटाच्या पायथ्याशी चपट्या गोळ्या मिळाल्या तर बाहेरून कुणीतरी मारा केला होता. त्या कोणत्या बाजूला जास्त आहेत, यावरून हल्ला कुठून आला ते कळतं. आता याच सगळ्या गोळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत गोळा करून टेबलावर ओता. हातात उरतं पाव किलो शिसं. घटनास्थळाचा पंचनामा होण्याआधीच कुणी सगळ्या वस्तू उचलून एका पोत्यात भरल्या, तर तपास अधिकाऱ्याने काय करायचं? पुरातत्त्वज्ञाची अडचण नेमकी तीच असते.

हे किती बारकाईने करता येतं, याचा धडा अमेरिकेत मिळाला. लिटल बिगहॉर्न इथे 1876 साली अमेरिकी घोडदळ आणि लाकोटा, शायेन या तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये लढाई झाली होती. 1983 मध्ये तिथल्या गवताला आग लागून जमीन उघडी पडली, आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर घेऊन ते रान ओळीने पिंजून काढलं. प्रत्येक काडतुसाची आणि गोळीची जागा नकाशावर मांडली. काडतुसाच्या बुडावर बंदुकीची पिन आपटते, तेव्हा उमटणारी खूण प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. त्या खुणा जुळवून अमुक एक बंदूक आधी कुठे झाडली गेली आणि मग कुठे, हे त्यांना मांडता आलं. एका माणसाची रणांगणावरची वाट शंभर वर्षांनी सापडली. ही काडतुसं कुणी आठवण म्हणून घरी नेली असती तर हातात काहीच उरलं नसतं.

आता मुंबईकडे येऊ. इथल्या छोट्या किल्ल्यांविषयी आपल्या मनात एक अढी असते. रायगड, राजगड आपले. शीव, शिवडी, धारावी हे इंग्रजांचे, त्यात काय पाहायचं, असं अनेक गडप्रेमीही म्हणतात. मला हे पटत नाही, कारण हे किल्ले बऱ्याच अंशी आपल्याच लोकांच्या धाकाने उभे राहिले आहेत.

शीवचा किल्ला 1669 ते 1677 या काळात, जेरॉल्ड ऑन्जियर गव्हर्नर असताना उभा राहिला. टेकडीच्या पलीकडे खाडी होती आणि खाडीपलीकडे साष्टीचं बेट. तेव्हा साष्टी पोर्तुगीजांकडे होती. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी जिंकली. त्याच वर्षीचा एक शिलालेख धारावीच्या काळ्या किल्ल्याच्या भिंतीवर आहे. गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमावरून हा किल्ला बांधल्याचं तो सांगतो. दोन वर्षांनी चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहराच्या तटाभोवती खंदक खणायला 30 हजार रुपये काढून दिले. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत शीवच्या टेकडीवरच्या पहारेकऱ्याला समोर दिसत होती ती मराठ्यांची हद्द. त्याआधी, 1689-90 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने शिवडीला उतरून माझगाव आणि माहीमपर्यंत मजल मारली होती. इंग्रजांच्या बाजूने लढणारेही सगळे गोरे नव्हते. ऑन्जियरने उभ्या केलेल्या शिबंदीत भंडारी मोठ्या संख्येने होते. पुढे कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातले, देशावरचे मराठे आणि महार शिपाई हजारोंनी भरती झाले. या किल्ल्यांच्या मातीत त्यांच्याही वस्तू आहेत.

आणि माती फक्त किल्ल्यात नाही. 1860 च्या दशकात मुंबईचा कोट पाडला, खंदक बुजवला. चर्चगेट नावाचा दरवाजा जिथे होता, तिथेच जवळ आज फ्लोरा फाउंटन आहे. कोटाबाहेर तोफांच्या माऱ्यात आडवं काही येऊ नये म्हणून मोठा पट्टा मोकळा ठेवलेला होता. 1803 च्या आगीनंतर तो आणखी रुंद केला. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्याचेच उरलेले तुकडे. या पट्ट्यात तंबू पडत, कवायती होत. 15 ऑक्टोबर 1857 रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन देशी शिपायांना याच पट्ट्यात तोफेच्या तोंडी देण्यात आलं. मरीन लाइन्स स्टेशनाच्या परिसरात मरीन बटालियनच्या बराकी होत्या, कुलाबा ही तर सगळी छावणीच. दक्षिण मुंबईत पाइपलाइनसाठी, केबलसाठी, मेट्रोसाठी जिथे जिथे खणलं जातं, तिथे आपण जुन्या लष्करी जमिनीतून जात असतो.

छावणीच्या जागी काय सापडतं? तलवारी आणि बंदुका फार क्वचित. शस्त्रं महाग असत, मोजून दिली जात आणि मोजून परत घेतली जात. सापडतो तो कचरा: बटणं, बाटल्यांच्या काचा, मातीच्या चिलमी, भांड्यांचे तुकडे, हाडं. मला विचाराल तर तलवारीपेक्षा हा कचराच जास्त मोलाचा. तलवार एका सरदाराची असते, कचरा सगळ्या पलटणीचा असतो. हाडांवरच्या सुरीच्या खुणांवरून कोण कुठलं मांस खात होतं ते कळतं. छावणीत गोऱ्यांच्या बराकी आणि देशी शिपायांच्या लाइनी वेगळ्या असत, त्यामुळे दोन्हीकडचा कचरा वेगळा निघतो. एकीकडे दारूच्या बाटल्या आणि पांढऱ्या विलायती बश्या, दुसरीकडे मडक्यांचे तुकडे आणि हुक्क्याचे भाग. पगारपत्रकात न दिसणारा फरक इथे हाताने मोजता येतो.

बटणाचं उदाहरण घ्या. ब्रिटिश लष्करात 1767 मध्ये हुकूम निघाला की शिपायांच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक असावा. त्यामुळे क्रमांक असलेलं बटण त्याआधीचं असू शकत नाही, आणि क्रमांकावरून पलटण कळते. पलटण कळली की ती मुंबईत केव्हा होती हे कागदपत्रांतून काढता येतं. कंपनीच्या फौजेच्या बटणांवर कंपनीची चिन्हं असत. 1858 मध्ये कारभार राणीकडे गेल्यावर ती गेली आणि राजमुकुट उरला. म्हणजे नखाएवढ्या पितळी चकतीवरून कचऱ्याच्या त्या थराचं वय काही वर्षांच्या आत आणता येतं.

बाटल्याही असंच बोलतात, आणि त्यातली एक आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे: गोटी सोड्याची. मानेत काचेची गोटी अडकवलेल्या या बाटलीचं पेटंट हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने 1872 च्या सुमारास घेतलं. छावणीतल्या एखाद्या खड्ड्याच्या तळाशी अशा बाटलीची चिमटलेली मान किंवा ती गोटी मिळाली, तर वरचा सगळा कचरा 1872 नंतरचाच. मग त्याच थरात शंभर वर्षं जुनं नाणं का मिळेना; खड्ड्याचं वय जुन्या वस्तूवरून ठरत नाही, त्यातल्या सगळ्यात नव्या वस्तूवरून ठरतं. नाणं वर्षानुवर्षं हातात फिरून शेवटी तिथे पडलेलं असू शकतं. हा नियम एवढा साधा आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्याचं महत्त्व वाटत नाही, पण उत्खननातले निम्मे वाद त्यावरच सुटतात.

चिलमींची युक्ती आणखी मजेशीर. पांढऱ्या मातीच्या लांब नळीच्या विलायती चिलमी ठिसूळ असत, रोज मोडत, त्यामुळे इंग्रजांच्या वस्त्यांवर त्यांचे तुकडे ढिगाने मिळतात. हॅरिंग्टन या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने 1954 मध्ये दाखवून दिलं की जसजसा काळ पुढे सरकला तसतसं नळीचं भोक बारीक होत गेलं: सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंचाच्या 9/64, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात 4/64. ड्रिल मशीनची पातीच आत घालून मोजायचं. एका तुकड्यावरून काही ठरत नाही. भरपूर तुकडे असतील तर सरासरीवरून वस्तीचा काळ अंदाजे निघतो.

काडतुसांचं वाचन त्याहून सोपं. 1869 मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. तिथल्या पितळी काडतुसांच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरं ठोकलेली असतात, अनेकदा सोबत वर्षाचे आकडेही. पुण्याजवळ तयार झालेलं काडतूस मुंबईच्या किनाऱ्यावरच्या मोर्चेबंदीत झाडलं गेलं, असा त्याचा सगळा प्रवास एवढ्याशा चकतीवर लिहिलेला असतो.

मग येते तोफ. शीवच्या टेकडीच्या पायथ्याशी, बागेजवळ, जुन्या तोफा पडलेल्या आपण पाहतो. मुलं त्यांच्यावर बसून फोटो काढतात. पुढच्या वेळी तिथे गेलात तर तोफेच्या पाठीवर, बत्ती द्यायच्या भोकाजवळ हात फिरवून पाहा. ब्रिटिश तोफांवर तिथे बहुतेक वेळा तीन आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ 24-3-10. हे वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे 112 पौंडांचा. दुसरा क्वार्टरचा, 28 पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. 24 गुणिले 112 झाले 2688, तीन क्वार्टर 84, वर 10. एकूण 2782 पौंड, म्हणजे साधारण 1262 किलो. तोफेच्या तोंडाचा आतला व्यास मोजा. साडेतेरा सेंटिमीटरच्या जवळ भरला तर ती 18 पौंडी, म्हणजे 18 पौंडाचा लोखंडी गोळा फेकणारी. गंजाने तोंड खाल्लेलं असतं, म्हणून थोडं आत मोजावं.

तोफ कुणाची, हे तिच्यावरच्या चिन्हांवरून ठरतं. बाणाच्या टोकासारखी खूण ब्रिटिश सरकारी मालमत्तेची. मुकुटाखाली राजाची आद्याक्षरं असतील तर राजवट कळते. तिसऱ्या जॉर्जची असतील तर 1760 ते 1820. बदामाच्या आकारात चार कप्पे आणि प्रत्येकात एक अक्षर असेल, तर ती ईस्ट इंडिया कंपनीची. पोर्तुगीज तोफेवर त्यांच्या राजाची ढाल असते, आत पाच छोट्या ढाली. वसईपासून वांद्र्यापर्यंत या तोफा एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या, त्यामुळे इंग्रजांच्या बुरुजावर पोर्तुगीज तोफ मिळणं यात नवल नाही.

आता खटकणारी गोष्ट. आपल्याकडे तोफ सापडली की तिला ऑइल पेंट लागतो. काळा, कधी चंदेरी. हेतू प्रेमाचाच असतो, पण जाड रंगाच्या चार पुटांखाली ते आकडे आणि चिन्हं बुजून जातात आणि आतला ओलावा कोंडून गंज आतल्या आत चालू राहतो. मग ती सिमेंटच्या ओट्यात अर्धी गाडली जाते, तिथे पावसाचं पाणी साचतं. गडसंवर्धन करणाऱ्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. दरीत पडलेल्या तोफा दोर लावून वर आणायच्या, वर्गणी काढून सागवानी गाडे करायचे, हे काम सरकारच्या आधी त्यांनी केलं. त्यांना एवढीच विनंती, की तोफ हलवण्याआधी ती जशी पडलीय तशी चारही बाजूंनी फोटोत घ्या, तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहा, जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून टिपा. आणि रंगाचा डबा उघडण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेशी बोला.

समुद्रातून किंवा खाजणातून निघालेलं बीड, म्हणजे तोफांचं ओतीव लोखंड, तर फारच नाजूक असतं. खाऱ्या पाण्यात त्यातलं लोखंड विरघळत जातं आणि उरतो तो कार्बनचा सांगाडा. बाहेरून आकार जसाच्या तसा, आतून इतकं मऊ की चाकूने खरवडता येतं. अशी तोफ बाहेर काढून उन्हात ठेवली तर आतले क्षार सुकून फुगतात आणि पापुद्रे सुटू लागतात. काही महिन्यांत नक्षी जाते. म्हणून ती ओलीच ठेवावी लागते. मग कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात बुडवून तिच्यातून अगदी कमी वीज सोडतात, म्हणजे क्षार हळूहळू बाहेर येतात. मोठ्या तोफेला यात वर्षानुवर्षं लागू शकतात. नंतर टॅनिक आम्लाचा लेप आणि मेण.

सगळंच मातीखाली शतकानुशतकं दडलेलं असतं असंही नाही. मलबार हिलवर राजभवनाच्या खाली 2016 मध्ये एक बंद केलेलं भुयार उघडलं. आत 13 खोल्या निघाल्या. दारांवर शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, शेल लिफ्ट, पंप, वर्कशॉप अशी नावं होती. वर बसवलेल्या किनारी तोफांचं हे कोठार. भिंतींत दिवे ठेवायला कोनाडे आहेत, आणि अशा दारूकोठारांत दिव्याची जागा हा जीवनमरणाचा प्रश्न असे; एक ठिणगी पडली तर सगळी टेकडी उडायची. आत जाताना लोखंडी खिळ्यांचे बूट चालत नसत. 2018 मध्ये त्याच परिसरात किनाऱ्याजवळ पडलेल्या प्रत्येकी 22 टनांच्या दोन तोफा क्रेनने वर आणून ठेवल्या. शीवच्या पायथ्याच्या तोफेशी तुलना केली की शंभर-दीडशे वर्षांत तोफ कुठून कुठे गेली ते ध्यानात येतं. तिथे टन-सव्वाटन वजन, इथे एकेक तोफ त्याच्या पंधरा-वीस पट.

तुम्हाला काही सापडलं तर काय करायचं? आधी धोक्याचं. लोखंडी गोळा भरीव असेल तर निरुपद्रवी. पण त्याला एका बाजूला भोक किंवा बुचासारखं काही असेल, तर तो कुलपी गोळा. आत दारू भरलेली, वात लावलेली. उखळी तोफांतून हेच गोळे टाकत. मे 1818 मध्ये रायगडावर इंग्रजांनी असेच गोळे टाकले आणि वाड्यांना आग लागली. जुनी दारू ओली झाली म्हणजे मेली, असं समजू नका. गोदीच्या बाजूला तर आणखी सावध राहावं: 14 एप्रिल 1944 च्या फोर्ट स्टिकिन जहाजाच्या स्फोटात शेकडो टन दारूगोळा उडाला आणि बंदराच्या परिसरात विखुरला. असं काही दिसलं की हात न लावता मागे व्हायचं आणि 100 किंवा 112 वर पोलिसांना कळवायचं.

बाकी वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्या. बाजूला पेन किंवा नाणं ठेवून फोटो घ्या, म्हणजे आकार कळतो, जागा टिपा, कळवा. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं कार्यालय सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उरलेल्या भागातच आहे, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचं शीवच्या किल्ल्यावर. कायदाही स्पष्ट आहे. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असं 1878 चा कायदा सांगतो. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे, मग हातात मेटल डिटेक्टर असो की नुसती खुरपी.

आणि एक मागणी, मुंबईतल्या किल्ल्यांची डागडुजी ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे. किल्ल्याचं सुशोभीकरण सुरू झालं की पहिलं काम असतं राडारोडा उचलण्याचं. ठेकेदार बुरुजाखालचा मातीचा ढीग ट्रकमध्ये भरतो आणि कुठल्या तरी भरावावर ओततो. बटणं, गारेचे तुकडे, गोळ्या, चिलमी, सगळं त्यात जातं. त्या ढिगाशेजारी पाच मिलिमीटरची एक चाळणी उभी करावी, दोन माणसं लावावीत, आणि तटाच्या कुठल्या टप्प्यातली माती कोणती, एवढं चिठ्ठीवर लिहून त्या त्या पिशवीत टाकावं. ही अट निविदेतच घालता येईल.